पगार बारा हजार, पाळणाघर अडीच हजार : शिरवळच्या आईचा हिशेब आणि तुमच्यासाठी एक गरजेचा धंदा



"शिरवळमध्ये कोणता धंदा चालेल?" हा प्रश्न मला नेहमी येतो. उत्तरंही ठरलेली असतात. कुणी म्हणतं चहा-वडापाव, कुणी मेस, कुणी खोल्या बांधून भाड्याने देणं. सगळं खरं आहे, सगळं चालतं. पण आज मी अशा धंद्याबद्दल बोलणार आहे, ज्याचं गिऱ्हाईक रोज सकाळी साडेसहाला कंपनीच्या बसची वाट बघत उभं असतं आणि मनात एकच प्रश्न असतो : "आज पोराला कुणाकडे ठेवू?"

धंदा आहे पाळणाघराचा. आधीच सांगतो, "महिना लाख रुपये कमवा" असलं काही मी सांगणार नाही. या धंद्यात पैसा आहे, पण हिशेब कच्चा असेल तर दोन महिन्यांत शटर खाली येतं. म्हणून आज आधी गिऱ्हाइकाची अडचण समजून घेऊ, मग आकडे मांडू.

शिरवळच का?

शिरवळ म्हणजे सातारा जिल्ह्याचा उंबरठा. नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि आपण खंडाळा तालुक्यात येतो. पुणे-बंगळूर महामार्ग गावाला लागूनच. गोदरेजचा घरगुती उपकरणांचा कारखाना शिरवळचा, रीटरचा विंगला, एशियन पेंट्सचा खंडाळ्याला. शिवाय लहान-मोठ्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या, पॅकिंगची कामं, गोडाऊन. क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही इथेच.

कारखाने आले की माणसं येतात. कुणी लोणंद-फलटणकडून, कुणी भोरकडून, कुणी मराठवाड्यातून, कुणी थेट उत्तर प्रदेश-बिहारमधून. एक खोली, एक गॅस, नवरा-बायको आणि एक-दोन लेकरं. गावाकडे आजी होती, चुलती होती, शेजारची काकू होती. पोर कुणाच्या ना कुणाच्या अंगाखांद्यावर वाढायचं. इथे दार लावलं की घरात फक्त चौघं. दोघं कामावर गेले तर उरलेली दोघं कोण सांभाळणार?

आता तुम्ही म्हणाल, "अंगणवाडी आहे की!" आहे, आणि तिचं काम मोठं आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून पोषण आहार आणि लसीकरणाच्या कामाला तिचा मोठा हातभार आहे. पण अंगणवाडी ही दिवसभर मूल सांभाळायची जागा म्हणून बनलेलीच नाही. तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास येतात, आहार घेतात, घरी जातात. तीन वर्षांखालच्या बाळाचा आहार घरी न्यायचा असतो. आईची शिफ्ट मात्र आठ तासांची, जाणं-येणं धरून दहा तासांची. मधले तास कुणाचे?

सरकारी पाळणाघरं कुठे गेली?

हा भाग नीट वाचा, कारण तुमच्या धंद्याची गरज इथूनच तयार झाली आहे.

२००६ पासून देशात राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना चालायची. कामावर जाणाऱ्या आयांच्या सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. स्वयंसेवी संस्था पाळणाघर चालवायच्या आणि खर्चाचा ९० टक्के भाग केंद्राकडून यायचा. एकेकाळी देशभरात अशी २३ हजारांहून जास्त पाळणाघरं होती.

१ जानेवारी २०१७ पासून योजनेचं स्वरूप बदललं. केंद्राचा वाटा ६० टक्क्यांवर आला, ३० टक्के राज्याने आणि १० टक्के संस्थेने द्यायचे असं ठरलं. कागदावर साधा बदल वाटतो. पण गावातल्या छोट्या संस्थेला पैसे वेळेवर मिळाले नाहीत तर ती पगार कुठून देणार? पाळणाघरं बंद पडत गेली. २०२० च्या सुरुवातीला देशात चालू असलेली पाळणाघरं साडेसहा हजारांच्या आसपास राहिली होती.

त्या योजनेत पालकांकडून किती पैसे घ्यायचे? दारिद्र्यरेषेखालच्या घराकडून महिन्याला २० रुपये. आई-वडिलांची मिळून कमाई महिना १२ हजारांपर्यंत असेल तर १०० रुपये. त्याहून जास्त असेल तर २०० रुपये. म्हणजे जास्तीत जास्त २००! आज खासगी पाळणाघरात अडीच हजार मोजणाऱ्या आईला हा आकडा सांगितला तर तिला तो थट्टेचा वाटेल.

२०२२ मध्ये ही योजना 'मिशन शक्ती'त घेतली गेली आणि तिचं नाव 'पाळणा' झालं. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर करायचं, असा तिचा भर आहे. तुमच्या भागात असं केंद्र आहे का, होणार आहे का, हे पंचायत समितीतल्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जाऊन विचारा. हा तुमच्या बाजारपेठेच्या अभ्यासाचा पहिला दिवस.

पंधराशे रुपयांची गोष्ट

आता दुसरी कात्री बघा. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे महिना १,५०० रुपये सुरू झाले. कुणी त्यातून गॅस भरला, कुणी आरडी काढली, कुणी पोराची फी दिली. मग पडताळणी सुरू झाली आणि जून २०२५ पासून २६ लाखांहून अधिक लाभार्थींचा लाभ तात्पुरता थांबवल्याचं सरकारने जाहीर केलं.

कोण पात्र, कोण अपात्र या वादात आपण पडायचं नाही. पण एक नियम बघा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त नसावं, ही अट आहे. आता समजा, नवरा महिन्याला १५ हजार कमावतो. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. बायको घरी आहे, तोवर घर अटीत बसतं. ती १२ हजारांच्या नोकरीला लागली की वर्षाला १ लाख ४४ हजार आणखी आले. एकूण ३ लाख २४ हजार. घर अटीच्या बाहेर!

म्हणजे ज्या महिन्यात ती कामाला लागते, त्याच महिन्यात पाळणाघराचा खर्च सुरू होतो आणि पंधराशेचा हक्क जातो. अडीच हजार फीमध्ये पंधराशे म्हणजे साठ टक्के भाग. तो आधार गेला की सगळा भार पगारावर.

चला, तिचा हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुम्ही तुमच्या भागातले खरे घाला.

हातात येणारा पगार : १२,००० रुपये
एका मुलाचं पाळणाघर : २,५०० रुपये
जाण्या-येण्याचा खर्च : १,००० रुपये
डबा, चहा, किरकोळ : ५०० रुपये
शिल्लक : ८,००० रुपये

मूल दुसरं असेल तर आणखी अडीच हजार गेले, उरले साडेपाच हजार. त्यात पोराला ताप आला आणि चार दिवस खाडा झाला. २६ दिवसांच्या हिशेबाने दिवसाचे ४६० रुपये, चार दिवसांचे साधारण १,८५० गेले. हातात राहिले ३,६५० रुपये.

महिनाभर राबून साडेतीन हजार. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "कशाला जातेस? घरी बस, पोरं तरी सांभाळली जातील." आणि ती बसते. नुसता एक पगार जात नाही मंडळी. तिचा पीएफ थांबतो, ईएसआयचं कार्ड थांबतं, शिकलेला हात बसून राहतो. तीन वर्षांनी परत जाते तेव्हा पुन्हा नव्यानेच भरती.

जी बसू शकत नाही, ती काय करते? आठ वर्षांच्या मुलीला शाळेतून घरी ठेवते आणि तिच्या कडेवर धाकटं देते. म्हणजे पाळणाघराची फी मोठ्या मुलीच्या शाळेतून वसूल होते. शिरवळपासून जवळच नायगाव आहे, सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, नाकारलेल्या आयांना आसरा दिला, त्यांची लेकरं सांभाळली. त्यांच्याच तालुक्यात एका मुलीने धाकट्या भावासाठी शाळा सोडावी, हे आपल्याला परवडणारं नाही.

आता धंद्याकडे. पहिला हिशेब, जो फसतो

बरेच जण म्हणतात, "त्यात काय, घरातच दहा-पंधरा पोरं ठेवायची!" ठीक आहे, मांडून बघू. पंधरा मुलं, प्रत्येकी २,५०० रुपये. जमा ३७,५०० रुपये.

खर्च :
दोन खोल्यांचं भाडं : ८,००० रुपये
एक सांभाळणाऱ्या ताई, पूर्ण वेळ : १२,००० रुपये
मदतनीस, अर्धा वेळ : ६,००० रुपये
खाणं, दिवसाला २० रुपये, १५ मुलं, २६ दिवस : ७,८०० रुपये
लाइट, पाणी, गॅस, साफसफाई : २,५०० रुपये
खेळणी, चादरी, किरकोळ दुरुस्ती : १,००० रुपये
एकूण : ३७,३०० रुपये

शिल्लक किती? २०० रुपये. सकाळी साडेसहा ते संध्याकाळी सहा उभं राहून मालकिणीला दोनशे रुपये!

इथे लोक दोन चुकीच्या वाटा धरतात. पहिली, फी चार हजार करतात. मग आयांना परवडत नाही, पोरं गळतात. दुसरी, सांभाळणाऱ्या ताईंना पाच हजारांवर राबवतात आणि एकीच्या गळ्यात पंधरा पोरं टाकतात. त्या ताईही कुणाची तरी आईच असतात. त्या महिन्याभरात सोडून जातात, आणि एखादं बाळ पडलं-झडलं तर तुमचं नाव गावभर होतं. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित ताई हवी, तीन वर्षांवरच्या वीस मुलांमागे एक, आणि सोबत मदतनीस. हे प्रमाण मोडून नफा काढायचा नाही. तो नफा नाही, ती जोखीम आहे.

मग पैसा येणार कुठून? तिसरा खिसा शोधायचा. तो आहे कंपनीचा.

कायदा तुमच्या बाजूने आहे

१९४८ च्या कारखाना कायद्यातच तीसपेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथे पाळणाघराची अट होती. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. लक्षात घ्या, पन्नास बायका नव्हे. पुरुष आणि स्त्रिया मिळून पन्नास. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं, हेही त्यातच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पाळणाघराची तरतूद पन्नास कर्मचाऱ्यांच्याच अटीवर कायम आहे.

आणि तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. या संहितेत सामाईक पाळणाघराला वाट ठेवली आहे. कंपनीने स्वतःच खोली बांधली पाहिजे असं नाही. सरकारी, नगरपालिकेचं, खासगी किंवा संस्थेचं पाळणाघर वापरता येतं, आणि काही आस्थापना मिळूनही एक चालवू शकतात.

साठ-सत्तर माणसांचा एखादा सुटे भाग बनवणारा कारखाना डोळ्यांपुढे आणा. त्याच्याकडे लहान मुलं असलेल्या आया असतील पाच-सहा. तेवढ्यासाठी खोली, दोन बायका, देखरेख असा संसार मांडणं मालकाला जिवावर येतं. पण शेजारच्या दोन-तीन कारखान्यांची मिळून बारा मुलं तुमच्याकडे आली तर? त्याचा कायदा पाळला जातो, आईचा खाडा कमी होतो, आणि तुमचा हिशेब उभा राहतो.

दुसरा हिशेब, जो जुळतो

वीस मुलं धरा. बारा कंपन्यांमार्फत, आठ बाहेरची.

कंपनीच्या मुलाचे पालक देतात १,५०० आणि कंपनी देते २,५००. मुलामागे ४,००० झाले, बारा मुलांचे ४८,००० रुपये. बाहेरच्या आठ मुलांचे २,५०० प्रमाणे २०,०००. एकूण जमा ६८,००० रुपये.

खर्च :
भाडं, जरा मोठी जागा : १०,००० रुपये
दोन ताई, पूर्ण वेळ : २४,००० रुपये
मदतनीस, अर्धा वेळ : ६,००० रुपये
खाणं, २० मुलं : १०,४०० रुपये
लाइट, पाणी, गॅस, साफसफाई : ३,५०० रुपये
खेळणी, दुरुस्ती : १,५०० रुपये
अडीअडचणीला बाजूला : १,००० रुपये
एकूण : ५६,४०० रुपये

शिल्लक ११,६०० रुपये. डोळे दिपवणारा आकडा नाही. पण जागा तुमच्या घराची असेल तर भाडं वाचतं. शाळा सुटल्यावर येणारी सहा ते दहा वर्षांची मुलं दुपारनंतर घेतली, अभ्यास करून घेतला, तर त्याच जागेत थोडी भर पडते. आणि मुख्य म्हणजे कंपनीच्या आईची फी अडीच हजारांवरून दीड हजारावर आली. तिचे महिन्याला हजार वाचले. ती नोकरीत टिकली, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक टिकलं.

सुरुवात कशी करायची?

एक. आठ दिवस फक्त फिरा. शिफ्ट सुटताना गेटबाहेर थांबा, आयांशी बोला. खोल्या भाड्याने देणाऱ्या मालकांना विचारा, किती बिऱ्हाडांत लहान मुलं आहेत. अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या ताई यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते. तीस आयांशी बोलल्याशिवाय एक रुपयाही घालू नका.

दोन. जागा महामार्गाच्या त्याच बाजूला घ्या, जिथे तुमच्या आया राहतात. कडेवर बाळ घेऊन कुणी हायवे ओलांडणार नाही. घर किंवा कामाच्या जागेपासून पाचशे मीटरच्या आत, असं मार्गदर्शक सूचनाही सांगतात. तळमजला, दोन दारं, हवा-उजेड, मुलांच्या उंचीचं संडास. विहीर, उघडी टाकी, उघडी वायर जवळपास नको.

तीन. वेळ शिफ्टप्रमाणे ठेवा. पाळणाघर नऊला उघडलं तर सातच्या शिफ्टवाली आई काय करणार? पहिली शिफ्ट आणि जनरल शिफ्ट, एवढ्यापासून सुरू करा. रात्रीच्या शिफ्टला लगेच हात घालू नका, त्याची सुरक्षा वेगळी असते.

चार. कागद नीट करा. उद्यम नोंदणी मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. मोजकीच माणसं कामाला असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. खाणं शिजवून देणार असाल तर अन्न परवान्याची नोंदणी घ्या. ग्रामपंचायतीला कळवा. प्रत्येक ताईची पोलीस पडताळणी करा, अगदी ओळखीची असली तरी.

पाच. पैसा कमी लावा. चटया, पाळणे, भांडी, कॅमेरा, खेळणी यांसाठी मुद्रा कर्ज बघा. 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत, 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत मिळतं. पण पहिल्याच महिन्यात हप्ता अंगावर घेऊ नका. आधी पाच मुलांवर महिनाभर चालवून बघा.

सहा. नियम लिहून काढा आणि पहिल्याच दिवशी आईला वाचून दाखवा. मूल कोण न्यायला येईल, त्याचा फोटो असलेलं कार्ड. लसीकरणाची नोंद. कशाची ॲलर्जी आहे का. ताप असेल तर मूल घ्यायचं की नाही. लिहून दिल्याशिवाय औषध पाजायचं नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरात १०८ रुग्णवाहिका, १०९८ चाइल्ड हेल्पलाइन आणि जवळच्या डॉक्टरांचा नंबर.

सात. फीची तारीख दहा ठेवा. पगार साधारण सात तारखेपर्यंत होतो. एक तारखेला फी मागितलीत तर महिन्याची सुरुवातच कटकटीने होईल. दोन भावंडं असतील तर दुसऱ्याला थोडी सूट द्या. दोन मुलं असलेली आईच सगळ्यात आधी नोकरी सोडते, हे आपण वर पाहिलं.

कंपनीकडे जाताना

एचआरच्या साहेबांसमोर "आमच्या आयांवर दया करा" असं बोलू नका. एक पानाचा कागद न्या. त्यात चार गोष्टी असू द्या : तुमच्याकडे जागा किती, ताई किती, वेळ काय, मुलामागे दर काय. सोबत त्यांच्याच गेटवर बोलून गोळा केलेली गरज : "तुमच्याकडच्या इतक्या आयांना सहा वर्षांखालची मुलं आहेत." आणि विचारा, "एक आई गेली की तिच्या जागी नवीन माणूस शिकवायला तुम्हाला किती दिवस लागतात?" पुढचा हिशेब तेच करतील.

करारात एक ओळ आवर्जून घाला : ठेकेदाराकडच्या महिलांची मुलंही धरली जातील. बऱ्याच ठिकाणी कायम कामगार थोडे आणि ठेक्यावरच्या बाया जास्त असतात. गरज त्यांनाच सगळ्यात जास्त असते आणि यादीतून पहिलं नाव त्यांचंच गळतं. पैसे महिन्याला ठरलेल्या तारखेला मिळतील, हेही लिहून घ्या. सरकारी पाळणाघरं कशी बसली ते आठवा. पैसे उशिरा आले तर पगार उशिरा, आणि पगार उशिरा झाला की ताई गेल्या.

एकटीला झेपत नसेल तर तिघी-चौघी मिळून करा. अहमदाबादमध्ये 'सेवा' संघटनेतल्या महिलांनी 'संगिनी' नावाची बालसेवेची सहकारी संस्थाच उभी केली आणि ती वर्षानुवर्षं चालवली. सहकार तर आपल्या साताऱ्या-सांगलीच्या मातीतलाच. दूध आणि साखरेसाठी आपण एकत्र येऊ शकतो, तर लेकरांसाठी का नाही?

आजचं काम

वही घ्या. एका पानावर तुमच्या भागातल्या दहा आयांचा हिशेब लिहा : पगार किती, मुलं किती, आत्ता मूल कुणाकडे असतं, महिन्याला किती देऊ शकते. दुसऱ्या पानावर तुमचा खर्च, वरच्या यादीप्रमाणे. तिसऱ्या पानावर जवळच्या पाच कंपन्यांची नावं आणि एचआरला भेटायची तारीख.

तिन्ही पानं भरली आणि बेरीज जुळली तर कामाला लागा. जुळत नसेल तर फी वाढवायच्या किंवा ताईंचा पगार कापायच्या आधी तिसरं पान पुन्हा काढा आणि आणखी पाच कंपन्यांची नावं लिहा.